आधी रेडिएटर की आधी प्रोसेसर?

संगणक पाण्याने थंड करायचा असे एकदा ठरले की जुळवणी करणारा माणूस आधी कागद पुढे ओढतो. टाकी, पंप, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि एक-दोन रेडिएटर असे चौकोन काढतो, त्यांना बाणांनी जोडू लागतो आणि तिथेच अडतो. पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की ग्राफिक्स कार्डाकडे? दोघांच्या मध्ये एक रेडिएटर घातला तर दुसऱ्याला थंड पाणी मिळेल का? पंपातून निघालेले पाणी थेट ब्लॉकमध्ये, म्हणजे चिपवर बसणाऱ्या तांब्याच्या ठोकळ्यात, सोडावे की आधी रेडिएटरमधून फिरवून आणावे? या प्रश्नांवर तासन्‌तास खल चालतो. त्यातून कॅबिनेटमध्ये नळ्यांची अशी काही गुंतागुंत होते की पुढे एक फॅन बदलायचा म्हटले तरी निम्मा लूप सोडवावा लागतो. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. घरच्या संगणकाच्या लूपमध्ये पाणी बऱ्यापैकी वेगाने फिरत असेल, तर भागांच्या क्रमामुळे तापमानात पडणारा फरक एक-दोन अंशांच्या आत राहतो. हे पुस्तक याच प्रश्नापासून सुरू करण्याचे कारण असे, की त्याचे उत्तर शोधताना उष्णता कुठे अडते आणि कुठे सहज निघून जाते याचा सगळा हिशेब मांडावाच लागतो, आणि तो हिशेब हाताशी असल्याशिवाय पंप, ब्लॉक आणि फॅन यांची निवड म्हणजे निव्वळ जाहिरातींवर भरवसा ठेवणे होय.

क्रमाला एवढे महत्त्व का दिले जाते, हे समजण्यासारखे आहे. वाहत्या पाण्याविषयीची आपली कल्पना पाटाच्या पाण्यावरून घडलेली असते. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत त्याला भरपूर पाणी, शेवटच्या टोकाला ज्याचे शेत त्याच्या वाट्याला उरलेसुरले. तोच न्याय लूपला लावला की चित्र असे दिसते: रेडिएटरमधून थंडगार पाणी निघाले, प्रोसेसरने त्यातला थंडावा घेतला, ग्राफिक्स कार्डाला तापलेले पाणी मिळाले. पण पाटाचे पाणी एकदाच येते आणि संपते. लूपमधले तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत राहते. लूपमध्ये साधारण लिटरभर पाणी असते आणि ते मिनिटाला चार लिटर या वेगाने फिरत असेल तर प्रत्येक थेंब पंधरा सेकंदांत सगळी प्रदक्षिणा पुरी करून जागेवर येतो. म्हणजे मिनिटाला चार फेऱ्या. पाणी एका फेरीत थंड होऊन निघते आणि पुढच्या फेरीत गरम होऊन परत येते असे काही घडत नाही. संगणकावर काम सुरू झाल्यावर सगळेच पाणी हळूहळू चढत जाते. ब्लॉकमधून पाण्यात जाणारी उष्णता आणि रेडिएटरमधून हवेत जाणारी उष्णता जिथे सारखी होते, त्या पातळीवर ते स्थिरावते. त्यानंतर लूपच्या एका जागी आणि दुसऱ्या जागी पाण्याच्या तापमानात थोडा फरक उरतो. हा फरक किती, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्राने मिळते.

एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते. रोजच्या वापरातल्या द्रवांमध्ये ही क्षमता असाधारण मोठी आहे, आणि पाण्याने थंड करण्याचा उद्योग मुळात त्याच बळावर उभा आहे. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर त्याचे तापमान एक अंशाने वाढवायला जवळपास ७० वॉट खर्ची पडतात. मिनिटाला चार लिटर असेल तर २८० वॉट. आता एक सोयीचे उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू: प्रोसेसर २०० वॉट, ग्राफिक्स कार्ड ४०० वॉट, एकूण ६०० वॉट. आकडे गोळाबेरीज असले तरी अवास्तव नाहीत. २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ४५० वॉट आहे आणि त्याच वर्षीचा रायझेन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर २३० वॉटपर्यंत जातो. मिनिटाला चार लिटर वेगाने वाहणारे पाणी आपल्या प्रोसेसरमधून जाताना सुमारे ०.७ अंश तापते, ग्राफिक्स कार्डातून जाताना १.४ अंश. म्हणजे लूपमधल्या सर्वांत गरम आणि सर्वांत थंड जागेत फार तर २.१ अंशांचा फरक. भाग कुठल्याही क्रमाने लावा, पाण्यातली कोणतीही दोन ठिकाणे याहून जास्त अंतरावर जाऊ शकत नाहीत, कारण तेवढी उष्णताच त्या पाण्यात ओतली जात नाही. पंपाची स्वतःची उष्णताही काही जण हिशेबात धरतात. प्रचलित डी५ पंप पूर्ण वेगाने चालला तरी वीस-बावीस वॉटांच्या आसपास वीज घेतो, म्हणजे अंशाचा दहावा हिस्सादेखील नाही. पंप रेडिएटरच्या आधी की नंतर, हा वाद इथेच मिटतो.

दोन अंश म्हणजे तरी थोडेथोडके का, असे कुणी म्हणेल. त्यासाठी उष्णतेचा सगळा प्रवास पाहावा लागतो. खोली २५ अंशांवर असेल आणि रेडिएटर ठीकठाक मोठे असतील तर पूर्ण भारावर पाणी ३५ अंशांच्या आसपास स्थिरावते. पाणी आणि खोली यांत दहा अंशांचे अंतर ही चांगल्या लूपची रूढ कसोटी आहे. पण त्याच वेळी प्रोसेसर ७५ किंवा ८० अंश दाखवत असतो. पाण्यापासून चिपपर्यंतचे हे चाळीस-पंचेचाळीस अंश कुठे गेले? चिपच्या सिलिकॉनमधून उष्णता आधी सोल्डरच्या थरात उतरते, तिथून धातूच्या झाकणात, झाकणावरच्या पेस्टमध्ये, मग ब्लॉकच्या तांब्याच्या तळात, आणि शेवटी त्या तळावर कोरलेल्या, मिलिमीटरच्या काही दशांश रुंदीच्या खाचांतून वाहणाऱ्या पाण्यात. प्रत्येक पायरीवर काही अंश खर्ची पडतात. यात चिपच्या क्षेत्रफळाचा वाटा मोठा आहे. ७९५०एक्समधली बहुतेक उष्णता प्रत्येकी सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या दोन तुकड्यांतून बाहेर पडते, तर ४०९० ची चिप ६०८ चौरस मिलिमीटरची आहे आणि तिच्यावर झाकण नसल्यामुळे ब्लॉक थेट सिलिकॉनवर बसतो. प्रोसेसरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमधून दुपटीहून जास्त उष्णता निघते आणि ती जास्त थर ओलांडून जाते. म्हणूनच निम्मे वॉट खाणारा प्रोसेसर ग्राफिक्स कार्डापेक्षा पुष्कळ गरम दिसतो. पुष्कळांना वाटते की त्याला मिळणारे पाणी गरम असावे, आणि ते क्रम बदलायला बसतात. वास्तविक अडचण पाण्याच्या अलीकडे, सिलिकॉन आणि तांबे यांच्यामधल्या त्या बोटभर जागेत असते. पाणी एका अंशाने थंड मिळाले तर चिप एका अंशाने उतरते, जास्त नाही. चाळीस अंशांच्या त्या उताराला क्रमाचा हात लागतच नाही.

मग मध्ये रेडिएटर घालण्याचे काय? ही कल्पना सर्वांत लोकप्रिय आहे, त्यामुळे तिचा हिशेब नीट करून पाहण्यासारखा आहे. दोन सारखे रेडिएटर घेऊ. पाणी हवेपेक्षा जितके अंश गरम, तितक्या पटीत प्रत्येकी ३० वॉट ते बाहेर टाकतात असे धरू. पहिल्या मांडणीत दोन्ही रेडिएटर एकापाठोपाठ, मग प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड. इथे प्रोसेसरला मिळणारे पाणी खोलीपेक्षा ९ अंशांनी गरम असते आणि ग्राफिक्स कार्डाला मिळणारे ९.७ अंशांनी. दुसऱ्या मांडणीत एक रेडिएटर, प्रोसेसर, दुसरा रेडिएटर, ग्राफिक्स कार्ड. आता प्रोसेसरला ९.६ अंशांनी गरम पाणी मिळते आणि ग्राफिक्स कार्डाला ९.३ अंशांनी. म्हणजे मध्ये रेडिएटर घातल्याने ग्राफिक्स कार्डाचा ०.४ अंशाचा फायदा झाला आणि प्रोसेसरचा ०.६ अंशाचा तोटा. हे पहिल्यांदा वाचताना उफराटे वाटते, पण कारण साधे आहे: प्रोसेसरच्या आधी आता एकच रेडिएटर उरला. एकाला द्यायचे ते दुसऱ्याकडून काढूनच द्यावे लागते. एकूण उष्णता तीच, रेडिएटर तेच, पाण्याची सरासरी पातळीही जवळपास तीच. क्रम बदलून आपण फक्त अंशाचे काही दशांश या खिशातून त्या खिशात टाकतो. आणि त्यासाठी नळी कॅबिनेटच्या पुढच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत दोनदा जास्त न्यावी लागते, काटकोनी फिटिंग वाढतात, गळतीची शक्यता असलेले सांधे वाढतात.

यावर पहिला आणि सर्वांत जोरकस आक्षेप अनुभवाचा असतो. क्रम बदलला आणि तापमान चार-पाच अंशांनी उतरले, आकडे समोर आहेत, मग गणित काय सांगता? आकडे खोटे असतात असे माझे म्हणणे नाही. ते दुसऱ्याच कशाचे तरी असतात. क्रम बदलायचा तर लूप रिकामा करावा लागतो. ब्लॉक काढला तर जुनी पेस्ट पुसून नवी लावली जाते, स्क्रू नव्याने आवळले जातात, आणि पेस्टच्या थरातला फरकच दोन-तीन अंशांचे काम करून जातो. पाणी पुन्हा भरताना आधी अडकून बसलेली हवा निघून जाते, किंवा नव्याने कुठे तरी अडकते. नळ्यांची लांबी बदलते, त्याने प्रवाह बदलतो. रेडिएटरच्या पात्यांवरची धूळ त्याच बैठकीत साफ होते. सकाळी केलेली चाचणी आणि रात्री केलेली चाचणी यांत खोलीचे तापमान तीन अंशांनी सरकलेले असते, आणि पाणी स्थिरावायला लागणारी पंधरा-वीस मिनिटे थांबण्याचा धीर फार थोड्यांना असतो. त्यातच आजचे प्रोसेसर ही वेगळीच भानगड आहे. ७९५०एक्स पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाऊ द्यावा अशाच बेताने बनवलेला आहे. थंडावा जास्त मिळाला की तो घड्याळाचा वेग वाढवतो आणि पुन्हा त्याच आकड्याशी जाऊन बसतो. त्याच्या तापमानावरून लूपची परीक्षा करायची तर वीज आणि वेग दोन्ही बांधून ठेवावे लागतात. शिवाय पाण्यात बसवायचे स्वस्त सेन्सर सहज अर्ध्या-एक अंशाने इकडेतिकडे दाखवतात. एका अंशाचा फरक मोजायला निघालेल्याने आधी दोन्ही सेन्सर एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून पाहावेत. एवढी सगळी पथ्ये पाळून केलेल्या चाचण्यांत क्रमाचा परिणाम तेवढाच सापडतो, जेवढा वरचा हिशेब सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. पाणी हळू वाहू दिले तर रेडिएटरमध्ये थंड व्हायला त्याला जास्त वेळ मिळतो, असे म्हणतात. मिळतो खरा, पण तेच पाणी ब्लॉकमध्येही तेवढाच जास्त वेळ रेंगाळते आणि जास्त तापून बाहेर पडते. आपल्याच उदाहरणात प्रवाह मिनिटाला अर्ध्या लिटरवर आणला तर काय होईल? फेरीतला फरक २.१ वरून १७ अंशांवर जातो. रेडिएटरमधून निघणारे पाणी खोलीपेक्षा जेमतेम चार अंशांनी गरम राहते आणि रेडिएटरकडे परत येणारे पाणी जवळपास २१ अंशांनी. रेडिएटरच्या तोंडाला हात लावून पाहणाऱ्याला साहजिकच वाटते की रेडिएटर फार छान चालला आहे. पण तो टाकतो आहे ते तेच ६०० वॉट. आणि अशा मंद लूपमध्ये क्रमाला खरोखर महत्त्व येते: प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाच्या आधी असला तर त्याला चार अंशांनी गरम पाणी मिळते, नंतर असला तर पंधरा अंशांनी. थोडक्यात, क्रमाविषयीची समजूत अगदीच निराधार नाही. ती मंद लूपमध्ये खरी आहे, आणि अशक्त पंप, चोंदलेल्या खाचा किंवा चिमटलेली नळी असेल तर तुमचा लूपही त्याच वर्गात मोडतो. मात्र त्यावरचा उपाय क्रम बदलणे हा नाही. प्रवाह वाढवला की आजार मुळातून जातो, शिवाय खाचांमधून उष्णता उचलण्याची ब्लॉकची क्षमताही सुधारते. डी५ पंपाच्या माहितीपत्रकात तासाला १,५०० लिटर असा आकडा छापलेला असतो. तो मोकळ्या पाइपाचा. ब्लॉक, रेडिएटर आणि फिटिंग यांचा अडथळा पार करून प्रत्यक्षात मिनिटाला तीन-चार लिटर मिळाले तरी पुष्कळ झाले. एक लिटरच्या खाली गेले तर क्रमाची चर्चा सोडून अडथळा शोधावा.

तिसरा आक्षेप कसबी लोकांचा: एक अंश तर एक अंश, फुकट मिळतो तर का सोडायचा? एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डे तापमान चढले की घड्याळाचा वेग १५ मेगाहर्ट्‌झच्या पायऱ्यांनी उतरवतात, तेव्हा एखादा अंशही कधी कधी एक पायरी वाचवू शकतो, हेही ते बरोबर सांगतात. पण २,७०० मेगाहर्ट्‌झमध्ये १५ म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आणि तो अंश फुकट मिळत नाही. जास्तीच्या नळ्या आणि वळणे प्रवाह खातात, म्हणजे क्रमाने दिलेल्यातला काही भाग तीच रचना परत घेते. फॅनचा वेग थोडा वाढवला, पेस्ट नीट लावली, रेडिएटरची जाळी फुंकून साफ केली, तर याच्या दुप्पट-तिप्पट फायदा होतो. कॅबिनेटमध्ये जे भाग जिथे बसतात त्यांना सर्वांत आखूड, सर्वांत कमी वळणांच्या नळीने जोडावे, आणि त्यातून जो क्रम आपोआप पडेल तो मान्य करावा, असा माझा सल्ला आहे. त्यात सौंदर्यदृष्टीने कुणाला फेरफार करायचा असेल तर खुशाल करावा. काचेच्या कॅबिनेटमध्ये सरळ समांतर नळ्या दिसायला छान दिसतात आणि पाण्याला त्याचे काही सुखदुःख नसते.

या सगळ्या वादातून एक फायदा पदरात पडतो, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. लूपमधले पाणी सगळीकडे दोन अंशांच्या आत एकसारखे असेल, तर पाण्याचा सेन्सर कुठेही बसवला तरी चालतो. टाकीत, रेडिएटरच्या तोंडाशी, रिकाम्या राहिलेल्या एखाद्या बुचाच्या जागी, जिथे सोय असेल तिथे. आणि फॅनचा वेग प्रोसेसरच्या तापमानाऐवजी या पाण्याच्या तापमानाला बांधता येतो. प्रोसेसरचे तापमान एखादा प्रोग्रॅम उघडला तरी क्षणात वीस अंशांनी उडी मारते आणि फॅन उगीच गरजतात. पाणी मात्र मिनिटामिनिटाने सावकाश चढते आणि उतरते. शांत संगणक हवा असणाऱ्यांनी पाण्याकडे वळण्याचे खरे कारण हेच असायला हवे.

क्रम अजिबातच महत्त्वाचा नाही असे मात्र कुणी समजू नये. दोन-तीन ठिकाणी तो पाळावाच लागतो, फक्त तापमानाच्या कारणाने नव्हे. टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा उंच असावी. हे पंप स्वतःहून पाणी ओढून घेत नाहीत. त्यांच्या तोंडाशी पाणी आपल्या वजनाने येऊन थांबलेले असावे लागते. डी५ सारख्या पंपात फिरणाऱ्या भागाला वंगण म्हणून तेच पाणी काम करते, त्यामुळे कोरडा चाललेला पंप थोड्याच वेळात खराब होतो. प्रोसेसरच्या बहुतेक ब्लॉकना आत आणि बाहेर अशी ठरलेली तोंडे असतात. आत येणारे पाणी एका अरुंद फटीतून खाचांच्या मधोमध, म्हणजे चिपच्या बरोबर वर, आदळावे अशी ती रचना असते. तोंडे उलटी जोडली तर गळती नसते, आवाज नसतो, फक्त चिप काही अंश गरम राहते आणि कारण महिनोन्‌महिने सापडत नाही. पाणी काढून टाकायची तोटी सर्वांत खालच्या जागी असावी, हे लिहायची खरे तर गरज पडू नये.

क्रमाचा सर्वांत मोठा परिणाम मात्र पाण्यात सापडत नाही, हवेत सापडतो, आणि तिथे कुणी बाण काढत बसत नाही. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला सुमारे १,२०० ज्यूल पुरतात. तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याला त्याच्या साडेतीन हजार पट लागतात. ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरवरचे तीन फॅन जाळीचा अडथळा ओलांडून तासाला दीडशे घनमीटर हवा ढकलत असतील, तर ती हवा ३०० वॉट उष्णतेने सहा अंशांनी तापते. आता कॅबिनेटची नेहमीची मांडणी डोळ्यांसमोर आणा: पुढचा रेडिएटर बाहेरची हवा आत घेतो, वरचा रेडिएटर आतली हवा बाहेर टाकतो. म्हणजे वरच्याला मिळते ती पुढच्याने तापवून दिलेली हवा, त्यात मदरबोर्ड आणि मेमरीची उष्णता वेगळीच. आपल्याच उदाहरणातले रेडिएटर असे एकामागे एक ठेवले आणि वरच्याला सगळी हवा पुढच्याचीच मिळाली, तर पाणी खोलीपेक्षा दहाऐवजी चौदा अंशांनी वर जाऊन बसते. क्रमाचा हा फरक चार अंशांचा आहे, तोही दोन्ही चिपना एकदम भोवणारा. दोन्ही रेडिएटरना बाहेरची ताजी हवा दिली आणि गरम हवा मागून निघू दिली, तर तो बहुतांशी वाचतो. आतला भाग थोडा जास्त तापतो हे खरे, पण मदरबोर्डवरच्या भागांना ते सहन होते. नळ्यांच्या क्रमासाठी रात्र जागवणारा माणूस फॅनची दिशा मात्र जशी दुकानातून आली तशी ठेवतो, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

हवेचीच दुसरी बाजू म्हणजे खोली. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा खाली नेऊ शकत नाही, मग त्यावर किती का पैसे ओता. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खोली ३५ वर असेल, तर वरचे सगळे आकडे जसेच्या तसे दहा अंशांनी वर सरकतात. थंड प्रदेशांतल्या समीक्षकांनी २० किंवा २२ अंशांच्या खोलीत घेतलेले आकडे आपल्याकडे लागू करताना ही बेरीज करावीच लागते. खोलीत वाळ्याचा कूलर असेल तर हवा थंड मिळते आणि लूपला तेवढा लाभही होतो, पण त्याचा दमट झोत कॅबिनेटवर थेट येऊ देऊ नये. रेडिएटरऐवजी बर्फ किंवा चिलर वापरून खोलीपेक्षा थंड जायचा मोह कोकणच्या दमट हवेत तर अजिबात करू नये. नळ्यांवर दव धरते आणि ते मदरबोर्डवर टपकते.

वरचा युक्तिवाद कुठे संपतो हेही सांगायला हवे, कारण तो घरच्या संगणकाच्या मापाचा आहे. मोठ्या यंत्रांत गणित तेच राहते, निष्कर्ष बदलतो. आयबीएमचे ३०८१ हे १९८० च्या सुमाराचे मोठे संगणक पाण्यानेच थंड होत. झ्युरिकच्या ईटीएच संस्थेत २०१० मध्ये बसवलेल्या ॲक्वासार या संगणकाला तर मुद्दाम साठ अंशांपर्यंतचे गरम पाणी पुरवले जाई, म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्याने इमारत तापवता येते. चिप आणि पाणी यांमधले थर पातळ केले की एवढे गरम पाणीही चालते, हा त्याचा धडा. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या परम ब्रह्म या महासंगणकातही पाणी थेट चिपवरच्या ब्लॉकपर्यंत नेलेले आहे. अशा यंत्रांत शेकडो चिप असतात. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एनव्हिडियाच्या एका कपाटात ७२ ग्राफिक्स चिप आणि सुमारे १२० किलोवॉट भार आहे. प्रत्येक चिपचे १,००० वॉट धरले आणि त्या ७२ चिप आपल्या चार लिटरच्या प्रवाहात एकामागे एक ओवल्या, तर शेवटच्या चिपपर्यंत पाण्याने अडीचशे अंशांची चढण चढलेली असती, म्हणजे ते केव्हाच वाफ झाले असते. म्हणून तिथे पाणी एका जाड नळातून फांद्या फोडून प्रत्येक ट्रेला समांतर दिले जाते. सगळ्यांना सारखेच थंड पाणी मिळते आणि एकूण प्रवाह मिनिटाला शंभर-दोनशे लिटरच्या घरात जातो. १२० किलोवॉट उष्णता दहा अंशांच्या वाढीत उचलायची तर मिनिटाला १७० लिटरच्या आसपास पाणी लागते, हे वाचकाने एव्हाना स्वतःच काढून पाहिले असेल. घरच्या लूपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डे बसवणारे काही जण याच धर्तीवर ती समांतर जोडतात. त्यात अडथळा कमी होतो, पण प्रत्येक कार्डाच्या वाट्याला निम्मा प्रवाह येतो. दोन ब्लॉकसाठी यात फारसा नफातोटा नाही, सहा-आठ ब्लॉक असतील तर आहे.

पुस्तकातल्या प्रकरणांची मांडणी या हिशेबाला धरूनच केली आहे. सुरुवात हवेपासून आणि फॅनच्या दिशेपासून होते, मग रेडिएटरचे क्षेत्रफळ, त्यानंतर ब्लॉक आणि पेस्ट, मग पंप आणि प्रवाहाचा अडथळा. नळ्या कशा न्याव्यात हे प्रकरण सर्वांत शेवटी आणि सर्वांत लहान आहे. त्यात बहुतांश जागा गळतीची चाचणी, हवा काढणे आणि तांब्याच्या लूपमध्ये ॲल्युमिनियमचा एकही भाग का येऊ देऊ नये यालाच दिली आहे.